जुनी मर्सिडीज अंगणात उभी करण्याआधी

गणपतीत वाडीवर कुणी चाकरमानी जुनी ऑडी किंवा मर्सिडीज घेऊन आला, की अंगणात तिच्याभोवती दहा जण जमतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" चार वर्षांपूर्वी मी सेकंडहँड जर्मन डिझेल सेडान घेतली, तेव्हा एजंटला मीही हेच विचारलं होतं. त्याने खुशीत उत्तर दिलं, कारण हा प्रश्न त्याच्या सोयीचा असतो. हल्ली माझ्याकडे कुणी सल्ला मागायला आलं, तर मी वेगळंच विचारतो: ही गाडी नवी असताना केवढ्याला होती?

५० लाखांची गाडी आठ-नऊ वर्षांत १२ लाखांवर येते. तिचा हेडलाइट, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांचे भाव मात्र ५० लाखांच्या गाडीचेच राहतात. विकत घेताना तुम्ही बारा लाखवाले असता, पण सुट्या भागांच्या काउंटरवर तुम्हाला पन्नास लाखवाला समजूनच बिल देतात. कोकणात त्यावर आणखी तीन गोष्टी चढतात: खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि गाडीचं कॉम्प्युटर वाचणारा माणूस घाटापलीकडे असणं. खालची रीत या तिन्हींना धरून आहे.

आधी मेकॅनिक, मग गाडी

गाडी बघायला जाण्याआधी ती कोण दुरुस्त करणार, हे ठरवा. कुडाळचा एक जुना, हाताचा उत्तम मेकॅनिक मला म्हणाला होता, "गाडी उघडतलंय मी, पण मगे बंद कोण करतलो?" त्याने खरं सांगितलं याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे. इंजिनची कामं आपल्याकडचे लोक सफाईने करतात. अडतं ते स्कॅनरपाशी. त्या त्या कंपनीचा खोलवर वाचणारा स्कॅनर नसेल, तर साधी बॅटरी बदलणंही अर्धवट राहतं. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चालू राहतं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाची धाव कोल्हापूर, गोवा, पुणे किंवा मुंबईकडे असते. तिथे फक्त तुमच्या कंपनीच्या गाड्या करणारं एखादं स्वतंत्र गॅरेज शोधा, फोन करा आणि तीन भाव विचारून वहीत लिहा: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल व फिल्टर, पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे सस्पेन्शनचे दांडे), आणि चारही चाकांच्या ब्रेक डिस्क-पॅड. अंगावर काटा आला, तर शोध इथेच थांबवता येतो आणि पैसेही गेलेले नसतात.

विम्यातली रस्त्यावरची मदत किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे, तेही वाचा. क्वाट्रो, एक्सड्राइव्ह, फोरमॅटिक अशा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या दोरी लावून टोचन करून नेता येत नाहीत. त्या फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवूनच न्यायच्या. आंबा घाटात रात्री दहाला फ्लॅटबेड मागवून बघा, म्हणजे हा मुद्दा मी का लिहिला ते कळेल.

गाडीचं नाव नको, इंजिन-गिअरबॉक्स सांगा

"मर्सिडीज चांगली की ऑडी?" या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच मॉडेलमध्ये एका वर्षाचं इंजिन निर्धास्त असतं आणि दुसऱ्या वर्षाचं झोप उडवणारं.

बीएमडब्ल्यूचं एन४७ हे दोन लिटर डिझेल इंजिन घ्या. २००७ पासून पुढच्या ३२०डी, ५२०डी, एक्स१ अशा गाड्यांत ते आलं. चालवायला झकास. पण त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी, इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन सैल झाली तर ती बदलायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं, आणि तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच जातं. २०१४ पासून त्याची जागा बी४७ इंजिनने घेतली. म्हणून २०१३ ची आणि २०१६ ची ३२०डी यांत दीड-दोन लाखांचा फरक असेल, तर मी डोळे मिटून २०१६ चीच घेईन.

ऑडीच्या दुसऱ्या पिढीच्या दोन लिटर टीएफएसआय पेट्रोल इंजिनाला तेल पिण्याची खोड आहे. २०१२ च्या आसपासपर्यंतची गाडी असेल तर मालकाला विचारा, दोन सर्व्हिसच्या मध्ये किती तेल टाकता? "टाकावंच लागत नाही" असं उत्तर आलं तर पावत्या बघा. याच घराण्यातल्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत, स्कोडा-फोक्सवॅगनसकट, सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी असतो, म्हणजे दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो रखडत्या ट्रॅफिकला आणि उकाड्याला कंटाळतो. त्याचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा मेंदू, गेलं की खर्च लाखाच्या भाषेत बोलू लागतो.

मर्सिडीजच्या एअरमॅटिक, म्हणजे हवेच्या बॅगांवर चालणाऱ्या, सस्पेन्शनची चाचणी फुकट करता येते. संध्याकाळी गाडी उभी करून चारही मडगार्डची कड आणि चाकाचा मध्य यांतलं अंतर टेपने मोजा. सकाळी गाडी चालू करण्याआधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा दोन बोटं बसलेला दिसला, तर हवेची बॅग गळते आहे. आणि गळकी बॅग भरता भरता कॉम्प्रेसरही जळतो, म्हणजे एकाचे दोन खर्च.

व्होल्वोच्या डी४, डी५ डिझेलमध्ये टायमिंगला बेल्ट आहे. तो कधी बदलला त्याची पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा. लँड रोव्हरबद्दल मी एवढंच म्हणेन की ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, त्याने घ्यावी.

लेक्सस किंवा टोयोटाची कॅमरी हायब्रिड ही या यादीतली कंटाळवाणी, म्हणूनच शहाणी निवड. तिथे एक कोकणी अडचण आहे: हायब्रिड बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते, आणि आपली जांभ्याची लाल धूळ ती जाळी बुजवते. जाळी काढून बघा. लाल दिसली तर बॅटरीची तपासणी करून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

डिझेल घेणाऱ्याने स्वतःचं रनिंगही तपासावं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ डिझेल गाड्यांत, आणि त्याआधीच्याही बऱ्याच महागड्या गाड्यांत, धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला गाडी बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. घर ते बाजारपेठ चार किलोमीटर आणि परत, एवढंच रनिंग असेल तर डीपीएफ तुंबणार. अशांनी पेट्रोल बघावं. पेट्रोलचीही एक बाजू आहे: आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी ठेवून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर तेही त्रासाचंच. टाकीच्या झाकणावरचा स्टिकर आणि गाडीसोबतचं पुस्तक ई२० बद्दल काय म्हणतं ते वाचा.

घरबसल्या कागद

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीची नोंदणी, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. ई-चलानही बघून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, मग विकणारा सख्खा मेव्हणा का असेना.

विम्याची पॉलिसी मागवा आणि त्यातला नो क्लेम बोनस बघा. तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर काहीतरी घडलं आहे. काय घडलं, हे मालकाच्या तोंडून ऐका आणि मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा इतिहास काढा. मालकाने आपल्या मेलवरून मागितला तर तो मिळतो. त्यात प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर ओळीने असतात. किलोमीटर मागे फिरवलेले असतील तर इथेच पकडले जातात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच चाव्यांतही किलोमीटर साठवलेले असतात, म्हणून दुसरी चावीसुद्धा मागा. दुसरी चावी हरवली असं सांगितलं, तर नव्या चावीचा भाव विचारून किमतीतून वजा करा.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन बंदीची टांगती तलवार राहिली आहे. त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. गाडी वाईट असेलच असं नाही. पण इथे पुन्हा नोंदणी, इथला रोड टॅक्स आणि तिकडच्या आरटीओची एनओसी हे सगळं धरल्यावर ती स्वस्त राहते का, ते कागदावर मांडा.

पाण्याची परीक्षा

इथे घाई करू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवसांत सावित्रीने महाड बुडवलं. त्यानंतर कित्येक आठवडे रस्त्याकडेला चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग आम्ही बघत होतो. मुंबईत २००५ ला, चेन्नईत २०१५ ला, कोल्हापूर-सांगलीत २०१९ ला हेच झालं. विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवलेली गाडी लिलावात जाते, आणि लिलावातून निघालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. साध्या गाडीत पाणी शिरलं तर ती वाळवून चालते. प्रीमियम गाडीत सीटखाली, गालिच्याखाली, डिकीत कॉम्प्युटर दडलेले असतात. ते लगेच मरत नाहीत, वर्षभराने एकेक जातात.

बघायचं असं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. जिथे एरवी कुणाचा हात जात नाही, तिथे मळकट आडवी रेघ आहे का? बेल्टच्या पट्टीवर निर्मितीची तारीख असते. २०१६ च्या गाडीत २०२१ चा बेल्ट असेल तर तो का बदलला? सीटच्या खालच्या रुळावर गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट झालेल्या पिना. गाडीला अत्तराचा दणकून वास येत असेल, तर मी काचा लावून दहा मिनिटं आत बसतो. अत्तराखालचा कुबट वास नाकाला हळूहळू सापडतो.

पूर न बघितलेल्या गाडीतही पाणी असतं, आणि ते वरून येतं. सनरूफच्या चारी कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात. गाडी आंब्या-फणसाखाली उभी राहिली, की मोहोर आणि पाला त्यात बसतो आणि पाणी खांबातून गालिच्याखाली उतरतं. यासाठी तांब्याभर पाणी न्या. सनरूफ उघडून कडेच्या पन्हाळीत एकेका कोपऱ्यात हळू ओता आणि चाकांजवळ खाली पाणी पडतं का बघा. चार कोपरे, चार ठिकाणी थेंब. एक जरी कोरडा राहिला तर गालिचा उचलून खालचा फोम दाबा. माझ्या गाडीचा मी दाबला नव्हता. पहिल्या मृगात एका सकाळी गाडीने दारंच उघडली नाहीत आणि ४७,००० रुपयांचं एक मॉड्यूल, म्हणजे गालिच्याखालचा एक कॉम्प्युटर, बदलावं लागलं. विकणाऱ्याने "पावसात असं होतंच" म्हणून फोन ठेवला.

खालून बघा

अलिबाग, मुरूड, गुहागरकडे शनिवार-रविवार काढलेली गाडी असेल तर ती रॅम्पवर चढवल्याशिवाय बोलणी नकोत. वाळूत गाडी घालणारे हौशी दर मोसमात असतात. भरतीचं पाणी चाकाला लागलेल्या गाडीच्या खालच्या प्लास्टिक पत्र्यांत वर्षानंतरही वाळू सापडते. युरोपियन गाड्यांचा पत्रा गंजाला चांगला टिकतो. गंजतात त्या ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनचे बोल्ट, सायलेन्सरचे जोड. एसीचा कंडेन्सर पुढच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. त्याचे ॲल्युमिनियमचे पापुद्रे बोटाने पीठ होत असतील तर तो पुढचा उन्हाळा बघणार नाही.

खालच्या ऑइल पॅनला ठोके आहेत का, तेही बघा. आपल्या वाडीतल्या चढाच्या पाणंदी आणि घरासमोरचा जांभ्याचा उंबरठा यांवरून ही गाडी जाणार आहे का? मोजपट्टीपेक्षा विकणाऱ्याला चाचणीसाठी घरापर्यंत गाडी आणायला सांगणं बरं.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर मी बदलायचाच धरतो, म्हणजे नव्याचे पैसे किमतीतून कापतो. बऱ्याच बीएमडब्ल्यूत रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. पंक्चर झाल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. रत्नागिरी ते कोल्हापूर १३० च्या आसपास आहे.

पहाटेची सुरुवात आणि घाट

गाडी बघायला सकाळी जा, न सांगता लवकर जा. आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने तुमच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं आहे. चहा घ्या, दोन-तीन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले तीन सेकंद सगळं सांगतात: साखळी खुळखुळल्यासारखा आवाज म्हणजे टायमिंग चेन, निळसर धूर म्हणजे तेल. रेडिओ आणि एसी बंद ठेवा. विकणारा नेमका तेव्हाच गप्पा सुरू करतो.

मग घाट. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, जो जवळ असेल तो. सपाट महामार्गावर प्रत्येक जर्मन गाडी राजेशाहीच चालते. चढावर गाडी थांबवा, ब्रेक सोडून अगदी हलका ॲक्सिलरेटर द्या. ड्युअल क्लच गाडी थरथरत निघाली तर क्लच झिजला आहे. साध्या ऑटोमॅटिकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटका येतो का, ते अर्धा तास चढल्यावर, तेल तापल्यावर बघा. "या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं आहे" असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि पावती मागा. बीएमडब्ल्यूसह अनेकांना आठ गिअरचा बॉक्स देणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला म्हणते. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हललं तर डिस्क वाकड्या आहेत.

परतल्यावर घाटापलीकडच्या त्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावा. कॉम्प्युटरमधले फॉल्ट नुकतेच पुसलेले असतील तर चांगला माणूस ते ओळखतो.

वहीतला हिशोब

माझी गाडी ११,५०,००० ला पडली. पहिल्या वर्षी वर लागले ते असे: चार टायर ६४,०००, लोअर आर्म आणि बुश ४२,०००, गिअरबॉक्सचं तेल ३८,०००, ब्रेक ३६,०००, बॅटरी २४,०००, साधी सर्व्हिस २२,०००. एकूण २,२६,०००. मघाचं मॉड्यूल यात धरलेलं नाही, तो माझ्या आळसाचा दंड. म्हणून मी सांगतो, खरेदीच्या २० टक्के रक्कम बाजूला ठेवूनच बोलणी करा. बजेट १२ लाख असेल तर गाडी १० लाखांची बघायची.

चार वर्षांचं गणित असं मांडा. ११,५०,००० ला घेतलेली गाडी ५,५०,००० ला गेली, तर वर्षाला दीड लाख घसारा. विमा ३५,०००. देखभाल सरासरी १,२०,०००. वर्षाला १०,००० किलोमीटर, लिटरला १३ आणि डिझेल ९० रुपये धरून इंधन ७०,०००. बेरीज ३,७५,०००, म्हणजे किलोमीटरला साडेसदतीस रुपये. यात इंधनाचा वाटा पाचवा हिस्साही नाही. हेच कोष्टक जुन्या फॉर्च्युनरचं मांडून बघा. तिथे घसाऱ्याची ओळ लहान होते आणि गाडी दुरुस्त करणारा प्रत्येक तालुक्याला सापडतो. तरीही तुम्हाला जर्मनच हवी असेल, तर निदान किती रुपये हौसेचे आहेत ते कळलेलं असेल. मला कळलं, आणि मी गाडी विकलेली नाही.

विम्यात इंजिन प्रोटेक्शन जरूर घ्या. पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन मोडतं, आणि हे वेगळं कवच नसेल तर साधी पॉलिसी त्यात हात वर करते. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारं कवच, मात्र जुन्या गाडीला सहसा मिळत नाही, ते आधी विचारा.

सौदा

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन जीएसटी ४० टक्के झाला आणि नव्या गाड्या उतरल्या. विकणारा अजून जुन्या ऑनरोड किमतीवरून "बघा केवढी पडली" सांगत असेल, तर त्याला आजचा भाव दाखवा. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचा भाव तुमच्या वहीत आधीच आहे, तोही दाखवा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करूनच पैसे द्या, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८ पण. गाडी त्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता त्याच्या पॉलिसीपेक्षा जास्त येईल.

गाडी घरी आली की आगोटीच्या कामांत तिचंही नाव घाला: मे संपायच्या आत सनरूफच्या नळ्या साफ, खालून गोड्या पाण्याने धुलाई, ब्रेक ऑइल दोन वर्षांचं झालं असेल तर नवं. आणि पावसात गाडी पडवीत उभी असेल तर दर आठवड्याला बोनेट उघडून बघा. उंदराला आपल्या घरातल्या कणगीपेक्षा जर्मन वायरिंग जास्त आवडतं.